यादीतला क्रमांक आणि वर्गातला विद्यार्थी

गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलीला घेऊन घरी आला. मी ज्या महाविद्यालयात तीस वर्षे अर्थशास्त्र शिकविले तेथे तो माझ्या वर्गात होता. आज एका जिल्हा सहकारी बँकेत शाखाधिकारी आहे. मुलीने बारावीची परीक्षा नुकतीच दिली होती आणि अमेरिकेतील दोन संस्थांनी तिला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी प्रवेश देऊ केला होता. एक संस्था म्हणजे अवाढव्य सरकारी विद्यापीठ. दुसरी म्हणजे केवळ पदवीपर्यंतचे शिक्षण देणारे लहानसे महाविद्यालय. तिने निम्मी फी माफ करण्याची तयारी दाखविली होती. बापाचा निर्णय जवळजवळ झालेलाच होता. घर तारण ठेवून कर्ज काढायचे आणि मुलीला पहिल्या संस्थेत पाठवायचे. माझ्याकडे तो आशीर्वादासाठी आला होता, सल्ल्यासाठी नव्हे. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर अमेरिकेतील अभियांत्रिकी संस्थांची क्रमवारी छापलेली होती. पहिल्या संस्थेच्या नावाखाली तांबड्या शाईची रेघ होती. दुसरीचे नाव यादीत नव्हतेच.

“सर, यादीत नावच नसलेल्या कॉलेजात पोरीला कशी घालू?” तो म्हणाला.

खरे सांगायचे तर माझ्या तोंडून होकारच निघणार होता. आयुष्यभर विद्यार्थ्यांना मीही ‘मोठे नाव बघा’ असेच सांगत आलो. पण इतका वेळ गप्प बसलेल्या मुलीने मध्येच विचारले, “आजोबा, या यादीत शिकवण्याला किती मार्क असतात?”

मला उत्तर देता आले नाही. पुढचे चार दिवस घालवून मी ते शोधले. उत्तर निघाले, शून्य. या शून्याची हकीकत वाचकांपुढे ठेवणे मला अगत्याचे वाटते. कारण असा कागद आज केवळ त्या एका बापाच्या खिशात नाही.

एका शब्दाचा घोटाळा

पहिला घोटाळा भाषेचा आहे. आपल्याकडे ‘ग्रॅज्युएट’ म्हणजे पदवीधर, बी. ए., बी. ई. झालेला मनुष्य. अमेरिकेत ‘ग्रॅज्युएट स्कूल’ म्हणजे पदवीनंतरचे शिक्षण, अर्थात एम. एस. आणि पीएच. डी. यांची शाळा. त्यामुळे ‘सर्वोत्तम ग्रॅज्युएट इंजिनिअरिंग स्कूल’ असा मथळा वाचला की आपल्या पालकाला ती बी. ई.च्या महाविद्यालयांची यादी वाटते. वास्तविक ती ज्या परीक्षेची गुणपत्रिका आहे, ती परीक्षा अठरा वर्षांच्या मुलाची नव्हेच.

अर्थात केवळ शब्दार्थ समजावून सांगितल्याने प्रश्न सुटत नाही. शब्द नीट कळणारे अमेरिकी पालकही हीच चूक करतात. त्यांचा तर्क सरळ असतो : जेथे पीएच. डी.चे शिक्षण उत्तम, तेथे पदवीचे शिक्षण उत्तम असणारच. ज्याच्या विहिरीला पाणी अधिक, त्याच्या मळ्यातले शेवटचे वाफेही भिजणारच, असा हा विश्वास. पाणी कोणत्या वाफ्यास जाते हे मात्र पाटावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

यादीचे गणित

या याद्यांची जन्मकथा उद्बोधक आहे. ‘यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने १९८३ साली महाविद्यालयांची पहिली क्रमवारी प्रसिद्ध केली. तिला आधार एवढाच, की निरनिराळ्या महाविद्यालयांच्या अध्यक्षांना पत्रे पाठवून त्यांचे मत विचारण्यात आले. अंक हातोहात खपला. पुढे विधी, वैद्यक, व्यवस्थापन आणि अभियांत्रिकी यांच्या पदव्युत्तर शाळांच्याही याद्या निघू लागल्या. २०१० साल संपता संपता त्या नियतकालिकाचा वर्गणीदारांना जाणारा छापील अंक बंद झाला. नियतकालिक गेले, याद्या राहिल्या, आणि त्याच आज त्या नावाची खरी मिळकत होऊन बसल्या आहेत. वाचकाला बातमी नको, पण क्रमांक हवा, हा व्यवहार कोणाच्याही लक्षात येण्याजोगा आहे.

आता अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर यादीचे सूत्र पाहू. भारांकांत अधूनमधून फेरबदल होत असतात. परंतु दीर्घकाळ प्रचलित असलेले सूत्र पुढीलप्रमाणे होते. शंभरांपैकी चाळीस गुण निव्वळ मताला : पंचवीस इतर संस्थांच्या अधिष्ठात्यांच्या मताला आणि पंधरा नोकऱ्या देणाऱ्या कंपन्यांच्या मताला. पंचवीस गुण संशोधनावर खर्च झालेल्या पैशाला. त्यांतले पंधरा एकूण खर्चाला आणि दहा दर प्राध्यापकामागील खर्चाला. आणखी पंचवीस प्राध्यापकवर्गाशी निगडित : राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे सभासद किती, वर्षात पीएच. डी. किती दिल्या, दर प्राध्यापकामागे पीएच. डी.चे विद्यार्थी किती आणि एम. एस.चे किती. उरलेले दहा प्रवेश घेणाऱ्यांच्या निवडीला, म्हणजे जी. आर. ई. परीक्षेतील गणिताच्या गुणांना आणि किती अर्जदारांना प्रवेश नाकारला याला.

या संपूर्ण हिशेबात पदवीचा विद्यार्थी कोठेही नाही. दर प्राध्यापकामागे विद्यार्थी किती, हा एकच निकष त्याच्या जवळपास येतो. पण तेथेही मोजले जातात ते पदव्युत्तर विद्यार्थीच. पहिल्या वर्षाच्या गणिताच्या तासाला तीस मुले बसतात की तीनशे, शिकवायला प्राध्यापक येतो की नुकताच रुजू झालेला एम. एस.चा विद्यार्थी, चार वर्षांचा अभ्यासक्रम किती जण चार वर्षांत पुरा करतात, किती जण मधूनच गळतात, यांपैकी कशाचाही त्या क्रमांकावर काडीइतका परिणाम होत नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला आणखी एक गोष्ट खटकते. संशोधनावरील खर्च हा येथे गुणवत्तेचा पुरावा मानला आहे. वास्तविक खर्च ही उत्पादनासाठी वापरलेली सामग्री होय. ते उत्पादन नव्हे. दोन साखर कारखान्यांपैकी ज्याने अधिक ऊस गाळला तो चांगला, असे कोणताही शहाणा शेतकरी म्हणणार नाही. तो उतारा विचारील. येथे उतारा विचारण्याची सोयच नाही. जी संस्था तेच संशोधन निम्म्या पैशात करील ती यादीत खाली जाईल. त्यातही एकूण खर्चाला स्वतंत्र गुण असल्यामुळे आकाराने मोठ्या असलेल्या संस्थेला मोठेपणाचेच बक्षीस मिळते.

पदवीच्या शिक्षणासाठी तेच प्रकाशन वेगळी यादी काढते, हे खरे. परंतु तिचे सूत्र याहून अजब आहे. तिच्यात खर्च नाही, वर्ग नाही, निकाल नाही. इतर संस्थांच्या अधिष्ठात्यांनी व ज्येष्ठ प्राध्यापकांनी एक ते पाच या प्रमाणात दिलेले मत, एवढाच तिचा आधार. आता हजार मैलांवरच्या विद्यापीठातील दुसऱ्या वर्षाचा यंत्रशास्त्राचा तास कसा चालतो हे या अधिष्ठात्याला कसे कळावे? त्याला ठाऊक असते ते तेथील प्रसिद्ध संशोधकांचे नाव. मग तो त्या नावाला गुण देतो. त्यामुळे एम. आय. टी., स्टॅनफर्ड, बर्कली ही नावे दोन्ही याद्यांच्या अग्रभागी दिसतात, आणि दोन याद्या एकमेकींना दुजोरा देतात असा भास होतो. वस्तुतः दुसरी यादी ही बव्हंशी पहिलीची सावली आहे. आणि सावलीने मूळ वस्तूच्या बाजूने दिलेली साक्ष कोणी ग्राह्य धरत नाही.

माझ्या विद्यार्थ्याला भेडसावणारा प्रश्न, ‘यादीत नावच नाही’ हा, येथेच उलगडतो. इंडियाना राज्यातील रोझ-हुलमन, कॅलिफोर्नियातील हार्वी मड, मॅसॅच्युसेट्समधील ऑलिन या संस्था पीएच. डी. देत नाहीत. तेव्हा पदव्युत्तर यादीत त्यांचे नाव असण्याचा संभवच नाही. तेथील प्राध्यापकांचा सारा वेळ ज्या पदवीच्या मुलांसाठी जातो, त्या मुलांचा पालक ती यादी पाहतो आणि या संस्था अस्तित्वातच नाहीत असे समजतो. या संस्था काही गोरगरिबांच्या नव्हेत. त्यांची फी डोळे पांढरे करणारी आहे. त्यांची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. मुद्दा इतकाच, की यादीत नसणे आणि निकृष्ट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी बाजू

येथे कोणी म्हणेल, की प्राध्यापक महाशय, आपण एकतर्फी बोलत आहात. मोठ्या संशोधन-संस्थेचा पदवीच्या विद्यार्थ्याला काहीच लाभ होत नाही काय? होतो, आणि तो मोठाही असू शकतो. एम. आय. टी.ने १९६९ साली पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात सहभागी करून घेण्याची योजना सुरू केली. ती आजही चालू आहे आणि इतर विद्यापीठांनी तिचे अनुकरण केले. जेथे प्रयोगशाळा अद्ययावत आहे, जेथे ग्रंथालय मध्यरात्रीही उघडे आहे, जेथे आपल्याच विषयात नवे काही शोधणारा मनुष्य जिन्यात भेटतो, तेथे होतकरू मुलाची दृष्टी विस्तारते. नोकऱ्या देणाऱ्या कंपन्याही अशा आवारात आधी येतात.

परंतु हे लाभ शक्यतेच्या स्वरूपाचे असतात. प्रयोगशाळा असणे निराळे आणि पहिल्या वर्षाच्या मुलीला तिच्यात पाऊल टाकायला मिळणे निराळे. ज्या प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांवर आणि आणलेल्या अनुदानांवर ठरते, त्याने पदवीच्या वर्गासाठी रात्र जागवावी अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या पदरमोडीवर संस्था चालविणे होय. असे प्राध्यापक असतात, आणि त्यांना वंदनच केले पाहिजे. पण सद्गृहस्थांच्या भरवशावर व्यवस्था उभी राहत नाही. शिवाय एक बाब आपल्या पालकांना सहसा ठाऊक नसते. पर्ड्यूसारख्या किंवा टेक्सास ए अँड एम्‌सारख्या मोठ्या सरकारी विद्यापीठांत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी सामाईक अभ्यासक्रम असतो, आणि हवी ती शाखा मिळणे हे त्या वर्षातील कामगिरीवरही अवलंबून असते. म्हणजे यादीत संगणकशास्त्राच्या नावापुढे दिसणारा मोठा क्रमांक आपल्या मुलीच्या वाट्याला येईलच, याची प्रवेशपत्र हाती आल्यावरही खात्री नसते.

क्रमांकाचा बाजार

हा खटाटोप मग का चालतो? फ्रेड हर्श या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली एक विचार मांडला होता. काही वस्तूंचे मूल्य त्यांच्या उपयोगात नसून, त्या इतरांपाशी नाहीत यात असते. त्यांना आपण स्थानमूलक वस्तू म्हणू. धान्याचे उत्पादन वाढले तर सर्वांची पोटे भरतात. पण ‘पहिल्या दहांत’ असण्याचे उत्पादन वाढविता येत नाही. जागा दहाच राहतात. त्यासाठी सर्वांनी कितीही खर्च केला तरी समाजाच्या पदरात अकरावी जागा पडत नाही. क्रमवारी शिक्षणासारख्या वाटल्याने वाढणाऱ्या गोष्टीचे रूपांतर अशा स्थानमूलक वस्तूत करते, आणि मग किंमत वाढविण्यास मर्यादा उरत नाही.

ही किंमत चुकवून खरोखर काय मिळते, याचा तपास अमेरिकेतच झालेला आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रख्यात आहे. ज्या विद्यार्थ्यांना नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळत होता, पण जे कमी नावाच्या महाविद्यालयात गेले, त्यांची पुढील आयुष्यातील कमाई नामांकित महाविद्यालयात गेलेल्या तोडीस तोड विद्यार्थ्यांपेक्षा सरासरीने कमी निघाली नाही. म्हणजे जे तेज आपण संस्थेचे समजतो ते बव्हंशी विद्यार्थ्याचे असते. या निष्कर्षाला एक अपवाद होता, आणि तो आपण विसरता कामा नये : गरीब घरांतून आलेल्या मुलांना नामांकित संस्थेचा खराखुरा लाभ झाला. ज्याच्या घरी ओळखीपाळखी नाहीत, त्याला संस्था त्या मिळवून देते. आता विसंगती पाहा. ज्यांना मोठ्या नावाचा उपयोग आहे त्यांना तेथवर पोहोचण्याची ऐपत नाही. ज्यांना त्याचा विशेष उपयोग नाही ते त्यासाठी आपापसांत बोली लावत आहेत. आणि या दोहोंच्या मध्ये आमचा शाखाधिकारी घराची कागदपत्रे घेऊन उभा आहे.

याच्या उलट एक उदाहरण सांगतो. न्यूयॉर्क शहराचे सिटी कॉलेज १८४७ साली स्थापन झाले ते कष्टकऱ्यांच्या आणि परदेशांतून आलेल्या निर्धनांच्या मुलांना विनामूल्य उच्च शिक्षण देण्यासाठी. हंगेरीतील १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर एक तरुण निर्वासित अमेरिकेत आला. त्याचे नाव अँड्र्यू ग्रोव्ह. १९६० साली तो सिटी कॉलेजातून रसायन-अभियांत्रिकीचा पदवीधर झाला. पुढे बर्कलीला जाऊन १९६३ साली त्याने पीएच. डी. मिळविली आणि इंटेल या कंपनीच्या उभारणीत तो पहिल्यापासून होता. पदवी विनाशुल्क सार्वजनिक महाविद्यालयात, संशोधन बर्कलीत. ज्या वयात जे हवे ते त्याला तेथे मिळाले. २००५ साली त्याने आपल्या जुन्या महाविद्यालयाला २ कोटी ६० लाख डॉलर दिले. तेथील अभियांत्रिकी शाखेला आज त्याचे नाव आहे. परंतु ज्या फीमाफीच्या धोरणामुळे तो शिकला, ते धोरण १९७६ साली शहराच्या आर्थिक संकटात बंद पडले. अभियांत्रिकीच्या याद्यांच्या अग्रभागी हे महाविद्यालय आज दिसत नाही. निर्वासिताला अभियंता करण्याला त्या सूत्रात गुणच नाहीत.

ज्याला गुण आहेत ते वाढविण्याच्या युक्त्या मात्र सर्वत्र चालतात. कोलंबिया विद्यापीठाचे प्रकरण ताजे आहे. ते अभियांत्रिकीच्या नव्हे, तर विद्यापीठांच्या सर्वसाधारण यादीचे आहे; पण यंत्रणा तीच. त्या यादीत कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावर होते. २०२२ सालच्या फेब्रुवारीत तेथीलच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी विद्यापीठाने पुरविलेले आकडे जाहीरपणे तपासले. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग ८२ टक्क्यांहून अधिक, असा विद्यापीठाचा दावा होता. थॅडियस यांच्या हिशेबाने ते प्रमाण ६७ टक्क्यांच्याही आत भरत होते. चौकशीअंती विद्यापीठाला चूक मान्य करावी लागली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कोलंबिया दुसऱ्यावरून अठराव्या क्रमांकावर आले. या काळात एकही प्राध्यापक बदलला नव्हता; एकही प्रयोगशाळा पडली नव्हती. वर्ग जेवढे होते तेवढेच होते. बदलला तो फक्त आकडा. २०२३ साली कोलंबियाने पदवी शिक्षणापुरता या क्रमवारीशी संबंध तोडला. त्यापूर्वी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, येल व हार्वर्ड यांच्या विधी शाळांनी माहिती देण्याचे नाकारले होते. ओरेगनमधील रीड कॉलेजने तर १९९५ पासूनच नकार दिलेला आहे. ज्यांनी या खेळात सर्वाधिक कमावले तेच खेळ सोडून जात आहेत, आणि आपण मात्र उसन्या पैशाने त्यात उतरत आहोत.

आपल्या अंगणात

अमेरिकेतील यादीची एवढी उठाठेव आपण का करावी, असे काही वाचकांना वाटेल. पहिले कारण उघड आहे. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर होती. त्यांपैकी सुमारे १ लाख ९६ हजार पदव्युत्तर शिक्षण घेणारे होते आणि पदवीचे विद्यार्थी सुमारे ३६ हजार. त्या पावणेदोन-दोन लाखांना पदव्युत्तर यादी निदान त्यांच्या विषयापुरती तरी काही सांगते. ती ३६ हजारांच्या पालकांच्या हाती पडते तेव्हा घोटाळा होतो.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. तोच घोटाळा आता आपण सरकारी शिक्क्यानिशी घरी आणला आहे. २०१५ सालच्या सप्टेंबर महिन्यात दोन देशांत दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेच्या सरकारने महाविद्यालयांची प्रतवारी करण्याचा आपला जुना बेत सोडून दिला आणि त्याऐवजी प्रत्येक महाविद्यालयाची माहिती खुली केली : किती विद्यार्थी शिक्षण पुरे करतात, त्यांच्या डोक्यावर कर्ज किती असते, पुढे मिळकत किती होते. क्रमांक कोणालाच दिला नाही. त्याच महिन्यात भारत सरकारने राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी चौकट, म्हणजे एन. आय. आर. एफ., जाहीर केली, आणि २०१६ साली पहिली यादी काढली. अभियांत्रिकीत तेव्हापासून मद्रासची आय. आय. टी. पहिली आहे.

या चौकटीत अभियांत्रिकीसाठी पदवीची व पदव्युत्तराची यादी वेगळी नाही. सर्वांना एकच गज. शिक्षण व साधनसामग्रीला ३० गुण, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या फलिताला २०, समावेशकतेला १० आणि लौकिकाला १०. अमेरिकी यादीपेक्षा एक गोष्ट बरी, की येथे विद्यार्थी-शिक्षक प्रमाण मोजताना पदवीचा विद्यार्थी निदान मोजला जातो. परंतु शिक्षणाच्या ३० गुणांतही पीएच. डी.चे विद्यार्थी आणि पीएच. डी.धारक शिक्षक हिशेबात येतातच, आणि फलिताच्या २० गुणांतही पीएच. डी. किती दिल्या याचा वाटा आहे. ज्या महाविद्यालयाचे सारे काम बी. ई.ची मुले घडविण्याचे, त्याची परीक्षा शोधनिबंधांच्या संख्येवर घेतली की ते शोधनिबंध कसेतरी उभे करते. अखेर, मागे घ्याव्या लागलेल्या शोधनिबंधांबद्दल गुण कापण्याची पाळी या चौकटीवर २०२५ साली आली, यावरून रोगाची कल्पना यावी. आणि ज्या समावेशकतेमुळे खेड्यातली मुलगी, भटक्या समाजातला मुलगा, अपंग विद्यार्थी महाविद्यालयाच्या दारात उभा राहू शकतो, तिला शंभरात दहा गुण.

महाराष्ट्राला याचे विशेष महत्त्व आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची परंपरा १८५४ पर्यंत मागे जाते, मुंबईच्या व्ही. जे. टी. आय.ची १८८७ पर्यंत. १९८३ साली, म्हणजे योगायोगाने अमेरिकेत पहिली यादी निघाली त्याच वर्षी, आपल्या राज्यात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना मोकळीक मिळाली. तेव्हापासून इमारती वाढल्या, जागा वाढल्या, जाहिराती वाढल्या. २०१८ साली एका शिक्षकामागे पंधराऐवजी वीस विद्यार्थी चालतील, असा शिथिल नियम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने केला. शिक्षक तासिका तत्त्वावर, पगार महिनोन्‌महिने थकलेले, आणि प्रवेशाच्या मोसमात हमरस्त्यावर क्रमांकाचा प्रचंड फलक, हे दृश्य कोणाच्या परिचयाचे नाही? सामाईक प्रवेशाचे पसंतीक्रम भरायला बसलेला पालक हा फलक वाचतो. वर्गात कोण शिकवतो हे त्याला कोणी सांगत नाही, आणि विचारण्याचा आपल्याला हक्क आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही.

विचारायचे काय?

तेव्हा पालकांनी व विद्यार्थ्यांनी क्रमांक विचारणे सोडून प्रश्न विचारण्यास आरंभ केला पाहिजे. पहिल्या वर्षाचे गणित आणि पदार्थविज्ञान कोण शिकवितो, कायम प्राध्यापक की तासिकेवरचा? वर्गात मुले किती? प्रयोगशाळेतील एका यंत्रावर किती जण? मागील तीन वर्षांत प्रवेश घेतलेल्या शंभरांतील कितींनी वेळेत पदवी घेतली? शाखा बदलता येते काय, किंवा हवी ती शाखा मिळण्याची हमी आहे काय? नोकरीचे जे आकडे छापले त्यात किती विद्यार्थी धरले, किती वगळले? शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षीही चालू राहते काय? यांतील प्रत्येक प्रश्नाला संस्थेच्या दप्तरात उत्तर असतेच. ते देण्याची टाळाटाळ हीच मोठी माहिती समजावी.

दुसरी गोष्ट, मान्यता आणि क्रमवारी यांतला भेद ओळखावा. अमेरिकेत ‘ॲबेट’, आपल्याकडे राष्ट्रीय प्रमाणन मंडळ, या संस्था अभ्यासक्रम तपासून किमान दर्जाची ग्वाही देतात. २०१४ सालापासून भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सभासद असल्यामुळे या मंडळाने उच्च श्रेणीत प्रमाणित केलेल्या पदव्यांना इतर सभासद देशांतही समकक्ष मानले जाते. प्रमाणन हे शाखेगणिक असते. संस्थेच्या नावाला नसते. ते पुलावरून गाडी सुरक्षित जाईल की नाही हे सांगते. कोणता पूल सर्वांत देखणा हे सांगत नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला बहुधा याच उत्तराची गरज असते.

तिसरी गोष्ट सरकारला सांगावयाची. क्रमांक देण्याचा हव्यास सोडून माहिती सक्तीने खुली करा. पदवीचे शिक्षण पदवीच्या निकषांनी तपासा. खालच्या पायरीवरील मुलाला संस्थेने किती वर चढविले, हे मोजण्याची पद्धत शोधा. आणि सर्वांत आधी सरकारी महाविद्यालयांतील रिकाम्या प्राध्यापकांच्या जागा भरा. जेथे शिक्षकच नाही तेथे क्रमांक लावून काय साधणार?

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. मी जे शोधले ते सारे त्या दोघांपुढे मांडले. बापाने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “सर, तुमचे पटते. पण उद्या पाहुणे विचारतील, कॉलेज कितव्या नंबरचे. त्यांना मी काय सांगू?” घर तारण पडले. मुलगी यादीतल्या संस्थेत गेली. पहिल्या सत्रात गणिताच्या व्याख्यानाला तीनशेहून अधिक मुले होती आणि शंका सोडवायला एक पदव्युत्तर विद्यार्थी येत असे, असे तिने कळविले. दुसऱ्या सत्रात तिने चार प्राध्यापकांना स्वतःहून पत्रे लिहिली. तिघांचे उत्तर आले नाही. चौथ्याने तिला आठवड्यातून सहा तास आपल्या प्रयोगशाळेत येण्याची परवानगी दिली. तिचे चांगले होईल याविषयी मला शंका नाही. पण ते होईल तेव्हा श्रेय त्या यादीला दिले जाईल, आणि पुढच्या एप्रिलात दुसरा कोणी बाप तोच कागद खिशात घालून कोणाच्या तरी दारी जाईल.

त्या वेळी त्याच्याबरोबरची मुलगी जर विचारू लागली, की यात शिकवण्याला किती गुण आहेत, तर तिला गप्प करू नये. तिला उत्तर शोधून द्यावे.